चाल न्या, पण अंगण का गाळता?

जेऊरमध्ये यंदा जयंतीच्या बैठकीत वाद झाला तो वर्गणीवरून नाही आणि मिरवणुकीच्या रस्त्यावरूनही नाही. वाद झाला पेन ड्राइव्हवरून. डॉल्बीवाल्याला गाण्यांची यादी द्यायची होती. पोरांनी यादीत 'झिंगाट' घातलं. वस्तीतल्या एका ज्येष्ठांनी ते पेनाने खोडलं आणि म्हणाले, "बाबासाहेबांच्या मिरवणुकीत सिनेमाचं गाणं वाजणार नाही." त्यावर एक पोरगा उठून म्हणाला, "तात्या, ते सिनेमाचं नाही, आपल्या गावचं गाणं आहे. नागराजअण्णांनी लिहिलंय." तात्या म्हणाले, "कुणी का लिहीना. भीमगीतं संपली का?"

आम्ही समाजमंदिरात दर रविवारी अभ्यासवर्ग घेतो, म्हणून निवाडा करायला आमच्याकडे बोट दाखवलं गेलं. आम्ही सांगितलं की दोघंही चुकताय. त्यावर दोन्ही बाजू आमच्यावर चिडल्या आणि चहा आला. अर्धवट राहिलेलं ते म्हणणं इथे पूर्ण मांडतो आहोत.

आधी तात्यांबद्दल. सिनेमाची चाल मिरवणुकीत नको, हे म्हणणं ऐकायला निष्ठेचं वाटतं. पण मग आपली निम्मी भीमगीतं वहीतून फाडावी लागतील. आपली शाहिरी उभीच राहिली ती दुसऱ्याच्या चालीवर. सत्यशोधक जलसा तमाशाचं अंग घेऊन आला, आंबेडकरी जलसा त्याच वाटेने पुढे गेला. लावणी, गवळण, पोवाडा, कव्वाली, पुढे रेडिओवरची सिनेमाची गाणी, जे कानावर पडलं ते आपल्या शाहिरांनी उचललं आणि त्यात आपले शब्द भरले. प्रल्हाद शिंदेंचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यातही तोच आणि भीमाच्या गाण्यातही तोच. ज्यांच्याकडे पेटी घ्यायला पैसे नव्हते, चाल बांधून द्यायला संगीतकार नव्हता, त्यांनी गावाला आधीच पाठ असलेली चाल घेतली. कारण सरळ आहे. चाल पाठ असली की माणूस पहिल्याच फेरीला शब्द ऐकतो.

आणि आपणही गाळलं, हे कबूल केलं पाहिजे. तमाशाच्या सुरुवातीला गणपतीचा गण असायचा. जलशाने तो काढला. गवळणीतला कृष्ण काढला. म्हणजे कापाकापी आपणही केली. मग आज दुसरा कुणी आपल्या गाण्याची कापाकापी करतो, तेव्हा ओरडायचा आपल्याला काय अधिकार, असा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारला. प्रश्न चांगला आहे. आमचं उत्तर असं: जलशाने गण काढला तो मंचावर उभं राहून, चारचौघांत, का काढला हे सांगून काढला. ते काढणं हाच त्या कार्यक्रमाचा मुद्दा होता. समोर बसलेल्याला कळत होतं की इथे काय होतं आणि आता काय आलं. उलट बाजारात गाणं जातं तेव्हा त्यातलं काही गाळलं गेलंय हेच ऐकणाऱ्याला कळू दिलं जात नाही. एक जाहीर भांडण आहे, दुसरी मुकाट सफाई. दोन्हीला एकच शब्द वापरू नये.

आता पोरांकडे येऊ. 'झिंगाट' आपल्या गावचं आहे, हे म्हणताना छाती फुगते, आमचीही फुगते. वडार समाजातला एक पोरगा या जेऊरमधून उठला, 'पिस्तुल्या' केला, 'फँड्री' केला आणि २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आणला. आपल्या करमाळा तालुक्याची माती, केळीच्या बागा, आपली बोली थिएटरभर झाली. पण बैठकीत पोरगा जे म्हणाला ते चूक आहे. 'झिंगाट' नागराज मंजुळेंनी लिहिलेलं नाही. शब्द आणि संगीत अजय-अतुल यांचं, आणि गायलंही त्यांनीच. खुद्द जेऊरमध्ये जर गाण्याचा कर्ता कोण हे माहीत नसेल, तर दिल्ली-मुंबईवर काय बोट दाखवायचं?

शब्दांत तर या गाण्यात जातीचा उल्लेखही नाही. नाचायचं गाणं आहे ते. मग त्यात आंबेडकरी म्हणावं असं काय आहे? ते गाण्यात नाही, गाणं जिथे ठेवलंय त्या जागेत आहे. प्रिन्सचा वाढदिवस आहे. अंगण पाटलाचं आहे. त्या अंगणात गाव लोटलाय आणि त्या गर्दीत मासेमारी करणाऱ्या घरातला परश्याही नाचतोय, आर्चीही नाचतेय. तीन-चार मिनिटं कुणाचा पाय कुणाच्या पायाशेजारी पडतोय हे कुणी बघत नाही. गाणं संपतं आणि त्याच रात्री दोघं पकडली जातात. तिथून सिनेमा पळू लागतो तो शेवटच्या रक्ताळलेल्या इवल्या पावलांपर्यंत थांबत नाही. म्हणजे 'झिंगाट' हे गावाने स्वतःला दिलेलं चार मिनिटांचं खोटं वचन आहे. वाजेपर्यंत सगळे एक, थांबलं की ज्याची त्याची वस्ती. ज्याने गावातली वरात पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हलगी कोण वाजवायचं आणि नाचायचं कोण, हे आमच्या आज्यांनी आम्हाला सांगितलंय. 'फँड्री'तला जब्या जत्रेत बेभान नाचतो आणि थोड्या वेळाने बापाच्या सांगण्यावरून बत्ती धरून उभा राहतो, तेही हेच.

आणि ही गोष्ट सिनेमातली नाही. 'सैराट' यायच्या बरोबर दोन वर्षं आणि एक दिवस आधी, २८ एप्रिल २०१४ ला, आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकलं. कारण एका मुलीशी बोलतो हा संशय. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. तोपर्यंत महाराष्ट्रातल्या लग्नांतून 'झिंगाट' दीड वर्ष वाजून झालं होतं. ज्या गावांनी साक्ष द्यायला तोंड उघडलं नाही त्या गावांतही ते वाजलं असणार. आम्ही गाण्याला दोष देत नाही. पण गाणं जागेवरून उचललं की त्याचं काय होतं, ते इथे दिसतं.

मग गाणं फिरायला निघालं. २०१७ मध्ये कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला. त्यात रिंकू राजगुरूच होती. पंजाबी, ओडिया, बंगालीत 'सैराट' झाला. आणि २० जुलै २०१८ ला हिंदीत 'धडक'. संगीत अजय-अतुलचंच, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, 'झिंगाट' हा शब्द मात्र मराठीच ठेवला. हक्क रीतसर घेतले होते, श्रेयनामावलीत नावं होती. तेव्हा चोरी झाली असं आम्ही म्हणणार नाही. आमच्यातले काहीजण म्हणतात, ते भावनेच्या भरात.

चोरी नाही, मग झालं काय? प्रसंगही तोच ठेवला. वाढदिवस तोच, पकडलं जाणं तेच. अंगण मात्र बदललं. उदयपूरची हवेली आली, झगझगीत कपडे आले. मुलगी राजघराण्यातली, मुलगा हॉटेलवाल्याचा. जात एखाद्या संवादात ओझरती येऊन जाते, तीही "ते वरचे लोक आहेत" एवढ्याच पद्धतीने. पूर्ण गोष्ट श्रीमंत-गरीबाची होऊन बसते. श्रीमंत-गरीब ही हिंदी सिनेमाची जुनी ओळखीची गल्ली आहे, तिथे कुणालाच अस्वस्थ व्हावं लागत नाही. राजस्थानात जात नाही काय? नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या त्याच राज्यातून येतात. तिथे जात शोधायला दुर्बीण लागत नाही. शोधायची नव्हती, एवढंच.

यावर आम्हाला ठरलेलं उत्तर मिळतं. कलेला जात नसते. प्रत्येक भाषेचा प्रेक्षक वेगळा, त्याच्याप्रमाणे बदल करावा लागतो. गाणं वाहतं पाणी आहे, वगैरे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हीही हे वाचलंय. फक्त एक सांगा, हे पाणी वाहताना दरवेळी तोच एक दगड का मागे राहतो? चाल पुढे जाते, ठेका जातो, नाचाची पावलं जातात, 'झिंगाट' हा गावठी शब्दसुद्धा मजा म्हणून पुढे जातो. मागे राहते ती नेमकी जात. एकदा राहिली तर योगायोग म्हणू.

एकदा नाही राहिली. ज्याला जग आज क्लासिक रॉक म्हणतं, त्याच्या पायातच ही गोष्ट गाडलेली आहे. 'हाऊंड डॉग' हे गाणं म्हटलं की लोकांना एल्विस प्रेस्ली आठवतो. १९५६ ची त्याची रेकॉर्ड अमेरिकेत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. ते गाणं १९५२ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केलं होतं बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय बाईने. लिहिलं होतं लीबर आणि स्टोलर या दोन तरुण गोऱ्यांनी, पण तिच्यासाठी. तिच्या तोंडी ते एका आयतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं गाणं होतं. मधल्या एका बँडने शब्द बदलले, एल्विसने ते बदललेले शब्द घेतले आणि बाईचा राग जाऊन खरोखरच्या कुत्र्याबद्दलचं गमतीचं गाणं उरलं. पाहा, इथेही चाल पुढे गेली आणि जिचं दुखणं होतं ती मागे राहिली. थॉर्नटनला त्या गाण्याचे मिळाले पाचशे डॉलर, असं तिनेच सांगून ठेवलंय. लेड झेपेलिन या इंग्रजी बँडचं १९६९ चं 'होल लॉटा लव्ह' घ्या. त्यातले शब्द विली डिक्सन या कृष्णवर्णीय ब्लूज गीतकाराच्या गाण्यावरून आले होते. १९८५ मध्ये तो कोर्टात गेला, १९८७ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे पुढच्या छपाईत त्याचं नाव आलं. १९७२ मध्ये आपल्या पँथरने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून उगाच घेतलं नव्हतं. दुखणं ओळखीचं होतं.

इतक्या लांब नको असेल तर तामिळनाडूला या. २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' जगभर वाजलं. गीतकार आणि गायक अरिवु. त्याने आपली आजी वळ्ळीअम्माळ, श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या पिढ्या आणि जमीन नसलेल्या माणसांचं म्हणणं त्यात आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची सहगायिका आणि दुसरा एक गायक झळकले. अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे प्रश्न विचारला तेव्हा आरडाओरडा झाला आणि मग मासिकाने अरिवुला वेगळं मुखपृष्ठ दिलं. पा. रंजित यांनीच उभा केलेला 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्यांनी रॉकची गिटार घेतली, रॅप घेतलं, चेन्नईच्या वस्त्यांतलं गाना घेतलं. सगळं उसनं-पासनं एकत्र केलं, पण जात हा शब्द बँडच्या नावातच ठेवला, म्हणजे कुणाला गाळता येऊ नये.

एवढं सांगून आम्ही थांबलो असतो तर तात्या खूश झाले असते. पण आपल्या घरातलंही बघू. अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना' ही छक्कड कुणाला माहीत नाही? शाहीर अमर शेखांच्या आवाजात ती संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून गाजली. गावाकडे बायको सोडून मुंबईला आलेल्या कष्टकऱ्याचा विरह सांगता सांगता ती बेळगाव-कारवारवर येते आणि तुटलेल्या मुलखाचं दुःख बोलते. पुढचा भाग कळला की पहिल्या भागाचा अर्थच बदलतो. आम्ही गेल्या काही वर्षांत जयंत्यांमध्ये, गाण्यांच्या स्पर्धांमध्ये, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत ही छक्कड ऐकली, ती बहुतेक वेळा पहिल्या भागापुरतीच. मैनेचं वर्णन झालं, टाळ्या पडल्या, गाणं संपलं. हे धर्मा किंवा झीने केलं नाही. आपल्याच मंचावर, आपल्याच गायकांनी केलं. 'धडक'वर तावातावाने बोलणाऱ्यांनी आधी याचा हिशेब द्यावा, त्यात आम्हीही आलो. कारण दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात आमच्याच गटाने ती तशीच अर्धी गायली होती. वेळ कमी होता, असं तेव्हा आम्ही म्हणालो होतो.

बायांच्या बाबतीत तर आपण आणखी कच्चे. जात्यावर बसून बाबासाहेबांवर ओव्या रचणाऱ्या बाया मराठवाड्यात, पुणे जिल्ह्यात, आपल्याकडेही होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी हजारो ओव्या बायांच्या नावासकट, गावासकट नोंदवल्या म्हणून त्या आज सापडतात. त्यांनी जे केलं ते आपल्या किती मंडळांनी केलं? एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलमुळे घराघरांत पोहोचल्या, आनंदच झाला. पण त्या गातात ती गाणी कुणी लिहिली हे विचारलं तर दहातले किती सांगतील? आणि बाईने अंगणात गायलेलं गाणं एखाद्या पुरुषाने डीजेवर चढवलं की फलकावर फोटो त्याचाच येतो.

आता कायद्याचं थोडं, कारण आपली पोरं यूट्यूबवर स्वतः गाणी टाकतात आणि त्यांना वाटतं की 'कव्हर' हा शब्द लिहिला की काम झालं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. कव्हर करायचं तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं जावी लागतात, रॉयल्टी आगाऊ द्यावी लागते, ती किमान ५०,००० प्रतींची धरली जाते आणि कर्त्याच्या संमतीशिवाय रचनेत मनमानी बदल करता येत नाही. त्याच दुरुस्तीने सिनेमातल्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा बांधला की तो त्यांच्याकडून लिहून काढून घेता येत नाही. कर्त्याच्या मृत्यूनंतर हक्क साठ वर्षं टिकतो. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. कारखान्यात, झोपडीत, फाटक्या वह्यांत लिहिणाऱ्या या माणसांच्या गाण्यांवर कॅसेट कंपन्यांनी दुकानं मांडली. आज चॅनेलं मांडताहेत. गाण्याखाली 'पारंपरिक' असं लिहिलेलं आम्ही स्वतः पाहिलंय. वामनदादा पारंपरिक? ज्या माणसाने मोठेपणी अक्षरं गिरवली आणि मग आयुष्यभर स्वतःच्या नावानिशी गाणी लिहिली, त्याचं नाव पुसायला 'पारंपरिक' हा एकच शब्द पुरतो.

जयंतीच्या बैठकीत हे सगळं बोलताना आम्ही १९३६ सालची आठवण काढली होती. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण छापून तयार होतं. मंडळाच्या लोकांना ते आवडलंही होतं, फक्त काही भाग गाळावा एवढीच त्यांची विनंती. बाकी सगळं राहील, मान राहील, मंच राहील. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषद झाली नाही. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, १,५०० प्रती, त्या दोन महिन्यांत संपल्या. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे त्यातलंच म्हणणं. 'सैराट' त्याच वाक्याभोवती फिरतो, आणि 'धडक' लाहोरच्या मंडळाने सुचवलेली दुरुस्ती करून आला.

तात्यांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग वाजवायचं की नाही ते सांगा. भाषण नको."

वाजवायचं. पण यादीत नुसतं गाणं लिहायचं नाही, असं आम्ही सुचवलं. प्रत्येक गाण्याआधी माइकवर एकाने सांगायचं: शब्द कुणाचे, चाल कुणाची, पहिल्यांदा गायलं कुणी, आणि भीमगीत सिनेमाच्या चालीवर असेल तर तेही. 'माझी मैना' म्हटली तर शेवटपर्यंत म्हणायची. 'झिंगाट' लावायचं असेल तर ते हिंदी नको, आपलंच, आणि ते संपल्यावर डॉल्बी पाच मिनिटं बंद ठेवून नितीन आगेचं नाव घ्यायचं. यावर पोरं गप्प झाली. एकजण म्हणाला, नाचाचा मूड जाईल. आम्ही म्हणालो, सिनेमातही जातो.

यादी अजून पक्की झालेली नाही. पुढची बैठक शनिवारी संध्याकाळी सात वाजता समाजमंदिरात आहे. ज्यांच्या घरी आईच्या, आजीच्या हातच्या किंवा कुणा शाहिराच्या गाण्यांच्या वह्या असतील त्यांनी घेऊन याव्यात. फोटो काढून लगेच परत देऊ. वहीवर नाव नसेल तर घरच्यांना विचारून लिहून आणा.

जय भीम.